आजची फेमस पाव्हणी

आमच्या कार्यक्रमातला सोफा लग्नाचा होता. लाल मखमलीचा, दोन्ही हातांवर सोनेरी सिंह, आणि असा खोल की त्यात बसलेला माणूस मधूनमधून गुडघ्यांच्या मागून डोकावतोय असं वाटे. आमच्या गावात, अल्लीपुरात, मंडप-डेकोरेशनचं काम करणारे एक काका आहेत. लगीनसराई नसली की नवरा-नवरीचा हा सोफा त्यांच्या गोदामात धूळ खात पडून असायचा. तो त्यांनी आम्हाला फुकट दिला. अट एकच, पहिले पाहुणे ते स्वतः.

आम्ही म्हणजे मी आणि माझी वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या मावसभावाची बायको. भाऊ नोकरीसाठी पुण्यात, ती सासूजवळ गावात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी सकाळी मुलांच्या शिकवण्या घेते आणि दुपारी रिकामी असते. अशाच एका दुपारी आम्ही मोबाइलवर एका नटीची मुलाखत बघत होतो. मुलाखत घेणारी बाई तिला विचारत होती, ‘इतकं यश मिळूनही तुम्ही इतक्या साध्या कशा राहिलात?’ वहिनीनं मान वाकडी केली, डोळे ओले केले आणि हुबेहूब त्याच आवाजात, हातातल्या शेंगा सोलत मला विचारलं, “इतकी कपाशी होऊनही तुमी इतक्या साध्या कशा राह्यल्या?” हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. ‘आजचे फेमस पाव्हणे’ ही मालिका तिथंच सुरू झाली.

रीत सोपी होती. गावातल्या माणसाला सोफ्यावर बसवायचं आणि नटनट्यांना विचारतात तेच सगळे प्रश्न जसेच्या तसे विचारायचे. मी विचारायची, वहिनी मोबाइलवर शूट करून इंटरनेटवर टाकायची, आणि चहा माझी आई करायची. टीव्हीवरच्या त्या मोठ्या कपांत काही नसतं असा मला दाट संशय आहे. आमच्या कपांत मात्र खरा चहा असे आणि पाहुणे तो बशीत ओतून आवाज करत संपवत. आमच्याकडे एक कॉलर माइकही होता, पण तो कॉलरला लावून घ्यायला कुणीच तयार नसायचं. सगळे तो चिमटीत धरून प्रसादासारखा तोंडाजवळ न्यायचे.

मंडपवाल्या काकांना मी विचारलं, “तुमचे फॅन किती?” ते म्हणाले, “दोन. एक हॉलमंदी, एक बेडरूममंदी. हॉलमंदला खडखड करते.” बाजाराला निघालेल्या एका काकूंना त्यांच्या ‘बसस्टँड लुक’बद्दल विचारलं तर त्यांनी पिशवी खाली ठेवून, पदर सारखा करून, कोणतं लुगडं कोणत्या भावजयीनं दिलं आणि देताना तोंड कसं केलं होतं, हे सगळं सांगितलं. लोक हसायचे, पण नुसते हसायचे नाहीत. पाहुणा काय म्हणतो याची त्यांना खरंच उत्सुकता असायची.

मला तर होतीच. मी जन्माची चोंबडी आहे, असं आई म्हणते आणि ते खरं आहे. आमच्या भागात माणसं दिवसभर एकमेकांना प्रश्न विचारतात. कुठं चालले, काय आणलं, जेवण झालं का. पण खरा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारला की ‘तुले काय करा लागते?’ असं तोंडावर येतं. सोफ्यावर मात्र गंमतच झाली. नकली मुलाखत आहे म्हटल्यावर लोक खरं बोलायला लागले.

सगळ्यात गाजला तो अफवेचा प्रश्न. मी चेहरा गंभीर करून, आवाज खाली आणून विचारायची, “तुमच्याबद्दल सध्या एक अफवा उडून राह्यली. त्याबद्दल काय सांगाल?” नटनट्या यावर ‘आम्ही फक्त चांगले मित्र आहोत’ म्हणतात. आमचे पाहुणे थेट मुद्द्यावर येत. कुणाच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, कुणी सरकवला, कुणाच्या पंगतीत कुणाला बुंदी वाढायची राहिली, सगळं बाहेर पडे. आणि असा प्रत्येक पाहुणा उठून गेला की मला वाटायचं, हा प्रश्न मला ज्या दोघींना विचारायचाय त्या काही सोफ्यावर येत नाहीत.

त्या दोघी म्हणजे माझी आई आणि मावशी, म्हणजे वहिनीची सासू. आई थोरली, मावशी धाकटी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला ‘बाई’ म्हणतात, आणि मावशीच्या तोंडी दिवसभर ‘आमची बाई, आमची बाई’ असायचं. ते काही वर्षांपूर्वी माझ्या साक्षगंधापासून, म्हणजे साखरपुड्यापासून, बंद झालं. साक्षगंध मुलाकडे, कारंज्याला होतं. मावशी आलीच नाही. पुढं ते लग्नही मोडलं, मुलाकडच्यांच्या मनात दुसरंच काही होतं, आणि मी त्यातून सुखरूप सुटले. लग्न गेलं, पण त्यावरचा रुसवा तेवढा राहिला, याचा मला फार राग यायचा. माझं साक्षगंध, माझं लग्न, आणि रुसून बसल्या या दोघी!

बरं, भांडणसुद्धा धड नव्हतं. भाजीची वाटी इकडून तिकडं जायची, तिकडून भरून यायची. फक्त बोलणं नाही. मावशी तिच्या ओट्यावर उभी असली की समोरच्या रस्त्यानं जाताना आई मला म्हणायची, “सांग तुह्या मावशीले, आभाळ आलं, पापड आत घे म्हना.” मावशी पापड उचलत मला म्हणायची, “सांग तुह्या मायले, दिसून राह्यलं मले.” काय झालं होतं, असं आईला विचारलं की ती म्हणे, “तिलेच विचार.” मावशीला विचारलं की, “तुह्या मायले विचार.”

मग भावानं पुण्यात घर घेतलं. दिवाळीनंतर मावशी आणि वहिनी कायमच्या तिकडं जाणार असं ठरलं. कार्यक्रम बंद पडणार याचं वाईट वाटलंच, पण खरी भीती दुसरीच होती. दोन गल्ल्यांवर असताना ज्या बोलल्या नाहीत त्या पुण्याहून काय बोलणार? हा अबोला आता तसाच गोठून जाणार, आणि म्हाताऱ्या झालेल्या या दोघी एक दिवस तो बरोबर घेऊनच जाणार. मी वहिनीला म्हटलं, शेवटची पाहुणी तुझी सासू. ती म्हणाली, “बसवते मी. पण विचारा तुमी.”

मावशी कबूल झाली, पण आमच्या अंगणात पाय ठेवणार नाही म्हणाली. मग मंडपवाल्या काकांनी सोफा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, गल्लीत मांडून दिला. गल्ली सगळ्यांची. मावशी नवी साडी नेसून आली आणि सोफ्यात रुतून बसली. आत आई चहा करत होती. कार्यक्रमाची पाहुणी कोण, हे मी तिला सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं, पण खिडकीतून ट्रे बाहेर आला तेव्हा पाहुणीच्या चहात आलं नव्हतं. मावशीला आल्यानं जळजळ होते. मावशीनं एक घोट घेतला, खिडकीकडं बघितलं नाही, आणि कप संपवला.

यश, साधेपणा, फॅन, सगळं विचारून झालं. मावशी जोरात होती. साधी कशी राहिली विचारलं तर म्हणाली, “दुसरं येतच नाई, बाप्पा.” मग मी आवाज खाली आणला. “तुमच्याबद्दल एक अफवा उडून राह्यली. तुमचं एका मोठ्या तारकेशी बोलणं बंद हाये म्हणतात. काऊन?”

मावशीनं माइक मुठीत घट्ट धरला. “आमी चांगल्या मैत्रिनी हाओत,” ती म्हणाली. वहिनी फिसकन हसली. मावशी हसली नाही. माझ्याकडं न बघता ती बोलत राहिली.

“साक्षगंधाच्या दिवशी मी तयार होऊन ओट्यावर उभी होती. पोरी, तुह्यासाठी अशीच नवी साडी घेतलती. गाडी माह्या दारावरून गेली. तुह्या मायनं खिडकीतून हात केला अन् मले म्हनलं, येजो वं. येजो! येजो तं रस्त्यानं जानाऱ्याले म्हनते मानूस. दूधवाल्याले म्हनते. सख्ख्या बहिनीले चाल म्हना लागते.”

मी आयुष्यभर तो शब्द वापरत आले होते. कुणी निघालं की येजो, फोन ठेवताना येजो. ये म्हणजे आत्ता ये, येजो म्हणजे कधीतरी, तुझ्या सवडीनं, आलीस तर. मावशी त्या एका अक्षराच्या अलीकडं एवढी वर्षं उभी होती.

खिडकीतून आवाज आला. “अवं, दुसरी गाडी येत होती ना मांगून!” आई गजांना धरून उभी होती. आणि पहिल्यांदाच माझ्यामार्फत नाही, थेट. “आमच्या गाडीत माणसं कोंबून भरली होती. मांग बसली तं तुले उलटी होते. म्हून दुसऱ्या गाडीची पुढची सीट तुह्यासाठी ठेवली होती मी. डायवरले सांगतलं होतं, इथं कोनाले बसू देऊ नोको. कारंज्याले गाडी आली अन् पुढची सीट खालीच. सारं गाव आलं, अन् माह्या बहिनीची सीट खाली!”

“मले कोनं सांगतलं?” मावशी ओरडली.

“येजो म्हनलं ना!”

आता हसावं की रडावं ते मला कळेना, आणि मी दोन्ही केलं. दुसरी गाडी मावशीच्या दारासमोरून गेलीही असेल. पण तेव्हा मावशी आत जाऊन साडी सोडून बसली होती. एकीला सीट ठेवलेली माहीत, एकीला नाही, आणि विचारायचं कुणी नाही. त्या दोघी गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. आई म्हणाली, “अजून चहा ठेवू का?” मावशी म्हणाली, “ठेव.” चहा बाहेर यायची वाट मात्र तिनं बघितली नाही. सोफ्यातून उठायला तिला वहिनीचा हात लागला, मग ती आमच्या अंगणातून आत गेली.

तो भाग आम्हाला टाकता आला नाही. मावशीनं माइक मुठीत असा आवळला होता की महत्त्वाच्या सगळ्या ठिकाणी नुसती बांगड्यांची किणकिण ऐकू येते. वहिनीला फार हळहळ वाटली. मला नाही वाटली. अजूनही मी कधी कधी तो नुसत्या किणकिणीचा व्हिडिओ लावते आणि खिडकीतल्या आईच्या तोंडाकडं बघते.

त्या निघाल्या त्या दिवशी भाऊ नागपूरहून भाड्यानं गाडी घेऊन आला होता; पुण्याचं विमान तिथूनच होतं. मावशी पुढच्या सीटवर बसली. आई पीठ मळता मळता तशीच बाहेर आली होती, हात कोपरापर्यंत पांढरे. गल्ली जमली होती आणि सगळ्यांना माहीत होतं आता आई काय म्हणणार. निघणाऱ्याला दुसरं म्हणतात काय? पण मावशीनंच काच खाली केली.

“चाल,” ती म्हणाली.

“कुठं?”

“जामच्या चौकापर्यंत. चाल.”

आई घरच्या चपलेवर, पिठाच्या हातांनी गाडीत चढली. तिला परत आणायला कुणीतरी हवं म्हणून मीही मागं घुसले. रस्ताभर दोघी भांडत होत्या. हिंगणघाटच्या बाजारात कधी कोणी कुणाला फसवलं, लहानपणी विहिरीत कळशी कुणी टाकली, वहिनीनं पोळ्या किती जाड लाटाव्या. हायवेवरच्या जामच्या चौकात आम्ही दोघी उतरलो. ट्रक जात होते, धूळ उडत होती. ‘येजो’ म्हणता म्हणता आईनं ओठ मिटले. मग खिडकीपाशी वाकून तिनं विचारलं, “केव्हा येशीन?”

एवढ्या वर्षांत मी तिला असा सरळ प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं.

“पोळ्याले,” मावशी म्हणाली. गाडी हलली. मावशीनं मान बाहेर काढली आणि ट्रकच्या आवाजावर ओरडली, “नागपूरले घ्याले येजो वं! अन् पुढची सीट ठेवजो!”