कण्हेरीची छाटणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. एकदा बहिणीपाशी तोंड उघडलं होतं — आणि चहा टाकते म्हणून उठून गेले. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

बागेपासून सुरू करते. तेवढाच धीर येईल.

पंच्याहत्तर-शहात्तरचा सुमार. पिंगळीच्या पलीकडच्या एका गावात मी शाळेवर बाई होते. रंगनाथराव म्हणून गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या गोठ्याला लागून दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या. पुढं मोकळी जागा. झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हौस दांडगी! वहीच्या पानावर पट्टीनं नकाशा काढला — मधोमध वाट, कडेला तिरप्या विटा, त्यांना गेरू आणि चुना, खिडकीखाली मोगरा. आणि कुंपणाला सगळीकडून कण्हेर, कारण ढोरं तिला तोंड लावत नाहीत असं ऐकलं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी.

खड्डे खणायला किसन यायचे. यायचे — असं आज म्हणते. तेव्हा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला मी सरळ 'अरे किसन' म्हणायचे. बौद्ध वस्तीतले. मोगऱ्याचं आळं किती रुंद, लिंबू भिंतीपासून किती लांब, सगळं त्यांनीच शिकवलं आणि गावात कौतुक बाईंच्या बागेचं. कण्हेरीचंही त्यांनी सांगितलं होतं. "हिरवी हाय तवर ढोर शिवत न्हाई, बाई. वाळली की खातंय. छाटलेलं लगेच जाळायचं."

मी ते नीट ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

दुसऱ्या वर्षी कण्हेर माथ्याच्या वर गेली. फाल्गुनात मला पाहायला परभणीहून पाहुणे येणार होते. त्यांना बाग दाखवायची होती — दुसरं होतं काय माझ्याकडं? त्या सकाळी मी एकटीनंच कुंपण छाटलं. जाळायचं तर धूर, राख, कपड्यांना वास. म्हणून फांद्या पलीकडं टाकल्या, रंगनाथरावांच्या कडब्याच्या गंजीमागं. उद्या उचलू. पाहुणे आले, बाग बघून खूश झाले. मग उद्या कुठला? चार दिवस मी खिडकीतून त्या फांद्या वाळताना बघत होते. वाऱ्यानं पाला कडब्यात जात होता, तेही बघत होते.

पाचव्या दिवशी किसनना त्या दिसल्या. ते पलीकडं गेले, कवळेच्या कवळे उचलून ओढ्याकाठी नेले आणि जाळले. गोठ्यातल्या गड्यानं त्यांना गंजीपाशी पाहिलं. मीही पाहिलं.

दुपारी रंगनाथरावांचा एक बैल पडला, तोंडाला फेस. दुसरा दिवेलागणीला.

किसनच्या वस्तीनं धर्म बदलल्यापासून मेलेलं ढोर ओढणं सोडलं होतं. तो राग गावाच्या पोटात होताच. हे लोक ढोरांना विष घालतात, हा तर पिढ्यांचा जुना आळ. गड्यानं तोंड उघडायचा अवकाश, सगळ्यांना गुन्हेगार सापडला. किसन एवढंच म्हणाले, बाईंची छाटणी उचलायला गेलो होतो, बाईंना विचारा.

सगळे माझ्या दारात आले. रंगनाथरावांनी चपला बाहेर काढल्या — मास्तरीणबाईंचा मान. "बाई, तुमी सांगाल ते आमाला कबूल. तुमची छाटणी पडली होती का तितं?"

किसन मागं उभे होते. ते घाबरलेले नव्हते. मी खरं सांगणार याची त्यांना खात्री होती — कशी, कोण जाणे.

मी म्हणाले, "माझी छाटणी मी त्याच दिवशी जाळली."

झालं. एवढंच वाक्य. खोली जाईल, सोयरीक मोडेल, हे मनात आलं होतं का? आलं होतं. तरी ते वाक्य माझंच.

त्यांना कुणी मारलं नाही. गाव हे मोठेपणानं सांगायचं. फक्त चक्कीवर वस्तीचं दळण घेईनात. दुकानात मीठ मिळेना. रानात कुणी कामाला बोलावेना. मी रोज शाळेत जात होते, आल्यावर झाडांना पाणी घालत होते. माझं लग्न ठरलं.

चैत्र सरता सरता किसन शाळेत आले. त्यांची मुलगी माझ्याच तिसरीत होती. "आमी गाव सोडायलोत, बाई. पोरीचा दाखला तेवढा द्या. साळा बुडाय नको तिची."

दाखला मीच लिहिला. नाव. जन्मतारीख. वर्तणूक — चांगली. मग 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना आला. किसन समोर उभे होते आणि त्यांना वाचता येत होतं. मी लिहिलं, 'वडील कामानिमित्त परगावी जात असल्याने.' त्यांनी कागद घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"येते, बाई," मुलगी म्हणाली.

मी "ये" म्हणाले.