दळवीकाकांची हरकत

दळवीकाका गेल्याचं मला दूधवाल्याकडून कळलं. पिशवी हातात देताना तो म्हणाला, समोरच्या विंगमधले काका गेले. त्याला आता तीन आठवडे झाले. मला तेव्हा रडू आलं नाही, हे कबूल करते. आधी मनात आली ती एक जुनी शंका... तिचं उत्तर आता काकांकडून मिळणार नव्हतं.

चंदनसारला आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटीत दोनच विंग होत्या आणि मागे भातशेती. काका मूळचे कणकवलीकडचे, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. भाजीवालीच्या तराजूखाली चिकटवलेली चिंच त्यांना लांबून दिसायची. ती काढायला लावून ते पुन्हा तिच्याकडूनच भाजी घ्यायचे. असा माणूस शेजारी असणं कुणाला फारसं आवडत नाही, मलाही आवडायचं नाही. मी तळमजल्यावर पुढच्या खोलीत शिवणकाम करायचे. दोन मशिनं होती. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश असं काम असायचं. ह्यांची कंपनी बंद पडल्यापासून घर त्यावरच चाललं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरपट्टीची नवी आकारणी झाली आणि घरोघरी नोटिसा आल्या. आमच्या नोटिशीत अख्ख्या घरासमोर ‘वापर : दुकान’ असं लिहिलेलं. त्या दराने पट्टी भरायची तर शिवण चालू ठेवूनही जमणार नव्हतं आणि बंद करूनही. हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती, पण नोटीस आमच्या हातात पडेपर्यंत तिच्यातले बरेच दिवस संपले होते. आकारणीसाठी घरपट्टीचा निरीक्षक आला होता त्या दिवशी आमच्या दाराला कुलूप होतं, मी अस्तर आणायला बाजारात गेले होते. मग त्याला शिवणाचं सांगितलं कुणी? शेजारच्या कदमबाई हळू आवाजात म्हणाल्या की, दळवी खाली उभे राहून तुमच्या दाराकडे हात करत होते. त्याच महिन्यात पाण्याच्या पंपावरून आमचं आणि त्यांचं वाजलं होतं. मला आणखी पुरावा नको होता.

घरपट्टीच्या कचेरीबाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी एक एजंट बसायचा. त्याने हरकतीचा अर्ज लिहून दिला : घरात कोणताही व्यवसाय नाही. खाली एका शेजाऱ्याची सही हवी म्हणाला. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. मी तो अर्ज मुद्दाम काकांकडे नेला. सही नाकारली तर चोर सापडला, असा माझा हिशेब होता.

काकांनी चष्मा लावून अर्ज सावकाश वाचला आणि परत दिला.

"यावर मी सही नाही करणार. तुमच्याकडे दोन मशिनं आहेत."

"म्हणजे निरीक्षकाला तुम्हीच सांगितलंत."

"हो. समोर काय चालतं, असं विचारलं त्याने. शिवण चालते म्हटलं. अख्खं घर दुकान आहे, असं नाही म्हटलं."

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. मी रागाने उठले. तेव्हा ते म्हणाले, "बसा, सुनंदाबाई. खोलीचं माप घेऊ. माझ्यावर भरवसा नसेल तर तुमची टेप वापरू."

माझीच शिवणाची टेप घेऊन त्यांनी आमची पुढची खोली मापली. मशिनांची जागा, कापायचं टेबल, गिऱ्हाइकांचं बाकडं वेगळं मापलं. मग नवा अर्ज लिहिला : खोलीच्या एका भागात शिवणकाम चालतं, उरलेल्या घरात पाच माणसं राहतात. तो अर्ज मी चार वेळा वाचला. माझ्याच सहीने माझ्याकडून कबुली लिहून घेतायत, हा सापळाच आहे, असं सारखं वाटत होतं. ह्यांनाही तसंच वाटलं.

शेवटच्या दिवशी काका माझ्याबरोबर रिक्षाने आले. माझ्या पर्समध्ये दोन्ही अर्ज होते आणि ते त्यांना माहीत असावं. एजंटाने लांबूनच मला हात केला. खिडकीपाशी माझा नंबर येईपर्यंत माझं ठरत नव्हतं. मी काकांचा अर्ज पुन्हा उघडला. सकाळी रिक्षात बसण्याआधी त्यांनी खाली साक्षीदार म्हणून सही केली होती. सहीच्या वर एक नवी ओळ होती : ‘निरीक्षकांना माहिती मी दिली. ती अपुरी होती, ही माझी चूक.’ खाली पूर्ण नाव, पत्ता, निवृत्तीपूर्वीचा हुद्दा.

मी तो अर्ज खिडकीत दिला. कारकुनाने शिक्का मारून पोच दिली. पुढे फेरतपासणी झाली, मापं जुळली, आणि तेवढ्याच कोपऱ्यावर दुकानाची आकारणी राहिली. एजंटाकडून अर्ज लिहून घेतलेल्या दोन घरांत मात्र मशिनं, भट्ट्या सापडल्या आणि त्यांच्या हरकती फेटाळल्या गेल्या.

तरी माझ्या मनातलं काही गेलं नाही. मी त्यांच्याकडे गेलेच नसते, तर हा माणूस आपणहून सांगायला आला असता का? की मुदत जाऊ दिली असती? इतकी वर्षं आम्ही एकमेकांना दिवाळीचा फराळ पाठवला, पण हे काही मी विचारलं नाही. आभारही धड मानले नाहीत.

दहाव्या दिवसानंतर काकूंना भेटायला गेले. त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीशी एक लाकडी खुर्ची होती. काकू म्हणाल्या, "तिथेच बस. ह्यांची जागा. तुमची नोटीस आल्याचं कळलं ना, तेव्हापासून संध्याकाळी तिथे बसायला लागले. सुनंदा विचारायला येईल म्हणायचे. मी म्हटलं, तुम्हीच जा की. तर म्हणाले, कुठल्या तोंडाने जाऊ... पुढे मग ती सवयच झाली."

माझा स्वभावच वाईट. मनात आलंच, की काकू माझं समाधान करतायत. मी खुर्चीत बसले. तिथून समोर आमचं दार दिसत होतं, आत दोन्ही मशिनं, आणि सुईखाली मी अर्धवट सोडून आलेला ब्लाउजसुद्धा. पायाखाली पाहिलं. खुर्ची पुढे ओढून ओढून फरशीवर चरे पडले होते... खोल, एकावर एक, आमच्या दाराच्या दिशेने. काकूंनी दिवा लावला. मी उठायला हवं होतं, पण बसून राहिले.