पन्नाशीची अट

नोकरीतल्या शेकडो केसेस विसरलो, पण एक अजून जशीच्या तशी आठवते. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कोणाला बेडीही पडली नाही. ऐंशीच्या दशकात मी पेणला फौजदार होतो, तेव्हाची ही गोष्ट. कोणाचं नाव लिहायचं नाही असं ठरवलं होतं. एक मात्र लिहावं लागेल, कारण सगळी केस त्या नावावरच फिरली.

गडबच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला एक गाव आहे. तिथे भातकापणी उरकली की छकड्यांची शर्यत व्हायची. छकडा म्हणजे शर्यतीची हलकी बैलगाडी, जेमतेम एक माणूस मावेल एवढी. पणजोबांच्या काळापासूनची शर्यत. बैल मोकळ्या शेतांतून सुटायचे, महादेवाच्या देवळापाशी झटक्यात डावीकडे वळायचे आणि खाडीच्या बांधाला खेटून परत यायचे. त्या जागेला सगळे 'महादेवाचं वळण' म्हणत. डाव्या हाताला देवळाचा दगडी चौथरा, उजव्या हाताला बांध, आणि मध्ये दोन गाड्या एकदम शिरल्या तर एक उलटणार हे ठरलेलं. माझ्या आधी तिथे एक गाडीवान जिवाला मुकला होता. हातपाय मोडून घेतलेले तर आसपासच्या प्रत्येक गावात होते, आणि ते मोडलेले हात अभिमानाने दाखवायचे.

त्या वर्षी परवानगीचा अर्ज आला आणि चार दिवसांनी एक निनावी पत्र आलं. वहीचं पान, गोल शाळकरी अक्षर. 'शंकराच्या देवळाजवळ शर्यत वळते तिथे यंदा माणूस जाईल. साहेबांनी परवानगी देऊ नये.' निनावी पत्रं आमच्याकडे रोजच यायची. आवक बारनिशीत नोंद केली आणि पत्र फाइलला लावलं. आळस म्हणा, दुसरं काय.

तरी मनात किडा वळवळत होता. मी गावकऱ्यांना आणि गाडीवानांना ठाण्यात बोलावलं आणि म्हटलं, यंदा वळण काढा, सरळ धाव घ्या. त्यावर गावचे जुने पंच हसले. म्हणाले, "साहेब, सरळ तर गाढव पन धावतं. वळन काढलंत तर बघायला कोन येनार?"

सगळ्यांत जास्त चिडला तो गावचा नावाजलेला गाडीवान. बारा वेळा जिंकलेला, छातीने रुंद, मिशा पांढऱ्या होत आलेल्या. "वळन नाय तर मी नाय," एवढंच बोलून तो दारात जाऊन उभा राहिला. त्याचं नाव म्हादू. हेच ते नाव.

ही बैठक चालू असताना, भर दुपारी, तिकडे गावात वळणावर खाडीचं पाणी शिरलं.

दुसऱ्या दिवशी शेतमालक तक्रार घेऊन आला. खाडीच्या बांधाला लाकडी फळ्यांचं दार असतं. पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. त्याला उघाडी म्हणतात. कोणीतरी भरतीच्या वेळी ती उघडली होती आणि वळणावर घोटाभर चिखल झाला होता. शर्यत चार दिवसांवर. गावाने गुन्हेगारही ठरवून टाकला होता. रोह्याच्या बाजूचा, खांब गावचा एक गाडीवान दोन वर्षं म्हादूच्या मागे दुसरा येत होता आणि त्याच सकाळी मैदान बघून गेला होता. गावातली दहा-बारा पोरं काठ्या घेऊन खांबला निघायच्या बेतात होती. त्यांना आधी घरी बसवलं, मग त्या गाडीवानाला चौकशीला आणलं.

मी त्याला दोन तास बसवून ठेवलं. नुसतं बसवल्याने निम्मी माणसं बोलू लागतात. हा बोलला नाही, वैतागला.

"साहेब, माझं बैल यंदा उडतायत. मी शर्यत कशाला बुडवू? आनि ती उघाडी मला लावता येती का? आमच्याकडं खाडीच नाय. तुम्ही बघितलंत का, दार परत कसं लावलंय ते?"

बघितलं होतं, पण डोकं चाललं नव्हतं. मी जमादारांना घेऊन पुन्हा पंचनाम्याला गेलो. फळ्या एकीवर एक नीट बसवलेल्या होत्या आणि फटींत ओला चिखल लिंपलेला होता. उघडणाऱ्याने अर्ध्या भरतीलाच दार बंद केलं होतं. वळण भिजलं होतं, पण पलीकडच्या वालाच्या शेतात थेंब गेला नव्हता. नासधूस करणारा माणूस अशी काळजी घेत नाही. हे काम उघाडी जाणणाऱ्या, शेताची माया असणाऱ्या गावातल्याच माणसाचं होतं.

ठाण्यात येऊन ते निनावी पत्र पुन्हा काढलं. जमादारांना वाचून दाखवलं आणि विचारलं, "सगळा मुलूख महादेवाचं वळण म्हणतो. हा शंकराचं देऊळ का लिहितो?"

आमच्या जमादारांचं नाव गणपतीवरून होतं. पेणमध्ये निम्म्या पुरुषांचं तसंच असतं. ते मोठ्याने हसले.

"साहेब, हा नाय, ही. आमची बायको मूर्तीच्या कारखान्यात रंगकाम करते. दिवसाला वीस गणपती रंगवते, पण आजवर तिच्या तोंडून गणपती निघाला नाय. देव म्हणते, मूर्ती म्हणते. नवऱ्याचं नाव कसं घेणार?"

मी डोक्याला हात लावला. गावात महादेव नावाचे तिघे होते. एकाची बायको वारली होती, दुसऱ्याची अंगठा उठवायची. उरला म्हादू.

आम्ही दुपारी त्यांच्या घरी गेलो. म्हादू बैलांना घेऊन शेतावर गेला होता. त्याची बायको ओटीवर वाल सोलत बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं आणि मी तिच्यासमोर पत्र ठेवलं. तिने ते उचललं नाही.

"उघाडी मीच काढली," ती म्हणाली. "माझा बा उघाडी सांभाळायचा. लहानपनापासून येतंय मला. नेताय तर न्या, पन ते यायच्या आत."

"कारण काय?"

तिने वालाची टरफलं गोळा केली. मग म्हणाली, "घरातल्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाय. वरीस झालं. डाव्या अंगाला मीठ वाढलं तर त्यांना दिसायचं नाय, मीठ मागायचे. आता मी समदं उजवीकडं वाढते. तांब्यापन उजवीकडंच ठेवते. त्या वळनावर दगड डाव्या हाताला येतो, साहेब."

"त्यांना बोललीस कधी?"

"कसं बोलू? बारा वेळा जिंकलेला मानूस. मला कळलंय हे कळलं तर मान खाली घालून बसंल. तुम्हीच बंदी घाला. तुमच्यावर राग धरतील, चालंल. माझ्यावर नको."

जमादार उठून अंगणात गेले. खरं सांगतो, मलाही उठून जावंसं वाटलं. माझ्या हाताखालून कबुलीजबाब खूप गेले होते. असा पहिलाच होता. तुझं नाव कुठे येणार नाही, एवढा शब्द तिला देऊन निघालो.

आता प्रश्न माझा होता. शर्यत बंद केली असती तर गाव पेटलं असतं, आणि त्या वळणात त्या माणसांचा जीव होता हे मलाही पटलं होतं. दवाखान्यातून डोळे तपासून दाखला आणा म्हटलं असतं, तर म्हादूचं बिंग चारचौघांत फुटलं असतं. मी एक अख्खी सकाळ त्या वळणावर उभा राहिलो. मग अटी लिहिल्या. चिखलावर कोरडी माती टाकून वळण राहील, पण गाड्या एकेक सुटतील आणि घड्याळावर निकाल लागेल. प्रेक्षक बांधाच्या पलीकडे. चौथऱ्याला पेंढ्याचे भारे लावायचे. आणि पन्नाशीच्या वरचा गाडीवान चालणार नाही. म्हादू बावन्न वर्षांचा होता.

तो दुसऱ्या दिवशी ठाण्यात आला आणि माझ्या टेबलावर मूठ आपटली.

"पन्नास? कुठल्या कायद्यात लिवलंय?"

"माझ्या," मी म्हटलं.

त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या स्टेशन डायरीत घेतल्या नाहीत. त्या अटीत आणखी दोघे अडकले. त्यातला एक चांगला ठणठणीत होता, त्याची मी मनातल्या मनात आजही माफी मागतो. शेतमालकाला मी सांगितलं की उघाडीच्या फळ्या जुन्या झाल्या आहेत. त्या खरोखरच जुन्या होत्या. त्याने तक्रार मागे घेतली. शर्यतीत म्हादूचे बैल त्याच्या पुतण्याने हाकले आणि खांबवाल्याने एकदाचा पहिला नंबर काढला. कोणाला खरचटलंही नाही. गावाने मात्र पुढे माझ्या हातचा चहा घेतला नाही.

वर्षभरात माझी बदली रोह्याला झाली. एक दिवस सकाळच्या गाडीने म्हादू आला आणि थेट ठाण्यात शिरला. मी जरा सावध झालो. त्याने टेबलावर वालाची पिशवी ठेवली आणि मान किंचित वळवून माझ्याकडे बघितलं.

"इथल्या डोळ्याच्या डाक्टरकडं येतो," तो हळू आवाजात म्हणाला. "डावा गेलाच म्हनाला. साहेब, तुमच्या अटीच्या आदल्या साली त्या वळनावर मला दगड दिसलाच नव्हता. बैलांनी नेलं मला. पुढल्या खेपेला मरनारच होतो. पन थांबतो म्हनायची जीभ होत नव्हती. तुम्ही ती अट घातलीत, शिव्या खाल्ल्यात." त्याने हात जोडले. "एक काम करा. हे कुनाला बोलू नका. घरात तर अजिबात नाय. तिला काय ठावं नाय. कळलं तर घोर लागंल तिला. बैल बघायला जातो सांगून येतो मी इकडं."

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "नाही बोलणार."

तपासात लपवलेलं बाहेर काढायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. बाहेर काढलेलं पुन्हा झाकून कधी ठेवायचं, हे मला त्या दोघांनी शिकवलं. पुढे कुठल्याही अर्जावर अटी लिहिताना मी आधी स्वतःला विचारायचो, ही अट घातल्यावर माणूस जिवंत तर राहील, पण मान वर करून राहील का?

दोघांना दिलेला शब्द मी पाळला. म्हादू जाऊन बरीच वर्षं झाली, मागच्या वर्षी ती गेली, म्हणून आज लिहितो आहे. एका घरात, एका ओटीवर त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं. एकमेकांचं गुपित त्यांना कधी कळलं का, मला माहीत नाही. कळलं असावं, असं फार वाटतं.