अक्कांची पट्टी

ज्या घरात प्रार्थनेला मंडळी जमतात, तिथे दारात चपला साठतात आणि आत किस्से. चपला जाताना ज्याच्या त्याच्या पायांत जातात, किस्से मात्र माझ्याकडेच राहतात.

धारवाडला मळमड्डीत आमच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते. आम्ही मोजकीच मराठी ख्रिस्ती मंडळी. गप्पा निम्म्या कन्नडमध्ये, गाणी मात्र मराठीत. नियम एकच: ज्याची अडचण त्याने फक्त सांगायची, प्रार्थना शेजारच्याने करायची. स्वतःसाठी मागताना माणूस देवाला फार सूचना देतो, असं सुशीलाअक्कांचं मत. अक्का निवृत्त शिक्षिका. गाणं त्याच उचलतात आणि पट्टीही त्यांचीच.

*

वसंतअण्णांची नोकरी सगळी पोस्टात गेली. एकदा आमच्यातल्या मेरीच्या बाळंतपणासाठी प्रार्थना करायची पाळी त्यांच्यावर आली.

"प्रभो, उणकल, तळ्याच्या मागे, दुसरा क्रॉस रोड, पिवळं गेट, वरचा मजला..."

अण्णा पिनकोडवर आले तेव्हा अक्का डोळे मिटूनच म्हणाल्या, "साकु, अण्णा. बास झालं. त्याला पत्ता ठाऊक आहे."

मेरी सुखरूप बाळंत झाली. पत्ता नीट सांगितल्याचा तो परिणाम, असं अण्णा अजून म्हणतात.

*

अण्णांना गायची भारी हौस, पण आवाज खालचा. अक्कांची पट्टी उंच, त्यामुळे दुसऱ्या ओळीलाच अण्णांचा आवाज फाटायचा. शेवटी अक्कांनी तोडगा काढला.

"अण्णा, तुम्ही मनात म्हणा. देवाला मनातलंही ऐकू येतं."

तेव्हापासून अण्णा कित्येक वर्षं नुसते ओठ हलवत आले, तेही अगदी खुशीत.

*

आमच्या पाळकसाहेबांनी नवी स्कूटर घेतली त्या आठवड्यात त्यांच्या प्रवचनाचा विषय होता, सगळं प्रभूवर सोपवा. प्रत्येक वाक्याला त्यांची नजर खिडकीबाहेर. गल्लीत स्कूटरच्या शेजारीच पोरं क्रिकेट खेळत होती.

अक्का उठल्या, खिडकीचा पडदा ओढला आणि परत येऊन बसल्या. "हं साहेब, आता सोपवा."

सगळ्यात मोठ्याने पाळकसाहेबच हसले.

*

मग अक्कांच्याच गळ्यात गाठ निघाली. हुबळीच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढावीच लागेल, आणि आवाज राहील की जाईल ते आत्ता सांगता येणार नाही. अक्का एकट्या राहतात. घरात सोबत म्हणाल तर गाण्याचीच.

"सोपवलं का, अक्का?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"सोपवते की. बुधवारी सोपवते, गुरुवारी सकाळी परत घेऊन येते."

कुणी हसलं नाही, म्हणून त्या स्वतःच हसल्या.

ऑपरेशनच्या आधीच्या बुधवारी त्यांच्या शेजारी अण्णा बसले होते. नियमाप्रमाणे तेच उभे राहिले.

"प्रभो, ही आमची अक्का."

पुढे काहीच येईना. आम्ही गल्लीची, दवाखान्याची, वॉर्डाची वाट पाहत होतो.

"पत्ता तुला ठाऊक आहे. आमेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा मला फोन आला. म्हणाल्या, "आज गुरुवार ना गं? आज नाही परत आणलं. रात्री झोपही छान लागली."

*

ऑपरेशन नीट झालं. बऱ्या होऊन अक्का पुन्हा आल्या तेव्हा बोलणं घोगरं होतं. राहिला तो आवाज एवढाच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

गाण्याची वेळ आली. अक्कांनी उचलल्याशिवाय आमच्यात कुणी सुरुवात करत नाही, आणि त्या दिवशी तर कुणाची छातीच झाली नाही. अक्कांनी नेहमीच्या पट्टीत पहिली ओळ घेतली. नुसती हवा आली. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांनी मांडीवर ताल धरला आणि खाली, खूप खाली, जाड्याभरड्या आवाजात ओळ सुरू केली. आम्हा बायकांना तिथवर उतरताच येईना.

पण कोपऱ्यातून दुसरा एक आवाज निघाला आणि अक्कांच्या आवाजाला बरोबर जाऊन मिळाला. आख्खं कडवं दोघांनीच म्हटलं. अण्णांचे डोळे मिटलेले होते, आणि मनात म्हणायचं ते साफ विसरले होते.

कडवं संपलं तशा अक्का त्यांच्याकडे वळल्या.

"अण्णा, इतकी वर्षं तुम्ही इथे होता होय?"