माझ्या केसांचा खलनायक

निवृत्त झाल्यावर माझी पंचाईत अशी झाली की संशय घ्यायला कोणी उरलं नाही. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. कोणाच्या खिशात चिंचा आहेत, कोणाचा गृहपाठ बापाने लिहिलाय, कोणाचं पोट खोटं दुखतंय, हे मला पोरांच्या उभं राहण्यावरून कळायचं. घरी बसल्यावर दूधवाला तेवढा हाती लागायचा. त्याच्या दुधात बोट बुडवून मी रोज सकाळी त्याची उलटतपासणी घ्यायचे. मग मुलाचं लग्न झालं आणि सून आली.

सून गोंदियाची. शहरात, हिंदीत वाढलेली. मराठी बोलता बोलता मधेच हिंदीवर घसरते. आमचं गाव आमगावपासून थोडं आत, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. मुलगा रोज आमगावहून गाडी पकडून गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला जातो. लग्नाआधीच त्याने मला सांगून ठेवलं होतं, "आई, तिचं मन गावात नाही रमलं तर आम्ही गोंदियात खोली पाहू." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत. हे दोघं गेले की एवढ्या घरात मी आणि धानाच्या कोठीतले उंदीर. म्हणून पोरगी इथे रमते की नाही, यावर माझी बारीक नजर होती.

तर ती दुपारी दार लावून बसायची. जेवणं झाली, भांडी झाली की खोलीत जायची आणि आतून कडी. मी एकदा सहज म्हणून दाराशी गेले. सहज म्हणजे कान लावायला. आतून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता आणि दाराच्या फटीतून उग्र वास. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही मम्मी, टाइमपास." शाळेत मला 'काही नाही' म्हणणाऱ्या प्रत्येक पोराच्या मागे काहीतरी निघालेलं आहे.

त्यानंतर घरातल्या वस्तू कमी व्हायला लागल्या. आधी माझ्या जुन्या काळ्या ब्लाउजचं अस्तर गेलं. मग माझ्या बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं कचऱ्याच्या डब्यातून नाहीशी झाली. कचरा कोण चोरतं? नळाची गळती बुजवायला मुलाने लांबी आणली होती, ती दोन कांड्या एकत्र मळायची असते ती, तीही गेली. नळ गळत राहिला. आणि एक दिवस मी मागच्या दाराशी गेले तर खिळ्याला टांगलेली आमची केसांची पिशवी हलकी लागली.

आमच्याकडे विंचरल्यावर निघालेला गुंता कोणी बाई इकडेतिकडे टाकत नाही. पिशवीत जमवून ठेवायचा, केसांवर भांडी देणारा फेरीवाला आला की त्याला द्यायचा. माझे केस आता पांढरे, तेही पिवळट आणि राठ. त्यातला निम्मा गुंता कोणीतरी काढून नेला होता. सुनेचे काळेभोर केस त्याच पिशवीत होते. त्यांना कोणी हात लावला नव्हता.

माझे केस, माझं कापड, माझ्या औषधाची पाकिटं. गावात कोणत्याही बाईला हे तीन शब्द सांगा, ती चौथा शब्द स्वतःच सांगेल. करणी. आणि माझी गोची अशी की मी तो शब्द उच्चारू शकत नव्हते. करणी-बिरणी काही नसते, हे मीच शाळेच्या ओट्यावर उभी राहून गावाला ओरडून सांगत आलेली. आता म्हातारपणी मीच म्हणू की माझी सून माझ्यावर काहीतरी करते आहे? लोक तोंडावर हसले असते. पण भाषणं देऊन पोटातली भीती जात नाही. मला भीती वाटत होती, अगदी खरी भीती.

भीतीला खतपाणीही मिळत होतं. मी दूधवाल्यावर तोंड टाकत असताना सून खिडकीतून माझे फोटो काढायची. माझी नजर गेली की मोबाइल खाली. दर रविवारी वडिलांना पाहायला म्हणून गोंदियाला जायची. वडिलांना लकवा झाला होता हे खरं, पण दर रविवारी? जाताना ती पर्स पोटाशी धरून जायची, आत काय आहे ते मला कधी दिसलं नाही.

पोळ्याच्या सुमारास मला राहवलं नाही आणि मी जाऊबाईंजवळ बोलले. त्या माझ्या थोरल्या जाऊ, शेजारच्याच घरात राहतात. मी फक्त केसांचं सांगितलं, तेही 'उंदरांनी नेले असतील' असं म्हणत. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"उंदीर पांढरे केस निवडून नेते का व मास्तरीन? इतकी शिकली तू, अन् एवढं समजत नाही तुले?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत निघते. घराघरातून फुटकं सूप, झिजलेला खराटा, जे काही नकोसं झालं ते बाहेर काढायचं, आजार-पिडा सोबत घेऊन जा म्हणून ओरडत शिवेपर्यंत न्यायचं आणि टाकून यायचं. परत येताना मागे वळून पाहायचं नाही. टाकलेलं तर उचलायचं नाहीच नाही. मी हे सारं जुन्या पद्धतीतली साफसफाई आहे असं पोरांना समजावत असे आणि दरवर्षी आमचा खराटाही देत असे.

त्या सकाळी जाऊबाई फुटकं सूप घेऊन आल्या. सून न्हाणीत होती, तिची खोली उघडी होती. त्या मला न विचारता आत गेल्या आणि पदराखाली काहीतरी धरून बाहेर आल्या.

"हे पाहाय."

वीतभर उंचीची बाहुली होती. बाहुली तरी कशी म्हणू, तो एक पुरुष होता. काळा झगा, तो माझ्या ब्लाउजच्या अस्तराचा. अंगावर चंदेरी चिलखत, ते माझ्या गोळ्यांच्या पाकिटांचं. डाव्या हाताला तीनच बोटं. कपाळावर आठ्या, ओठ आवळलेले, डोळे अजून रंगवायचे होते, नुसत्या पांढऱ्या खाचा. आणि डोक्यावरून कंबरेपर्यंत उतरलेल्या पांढऱ्या, पिवळट, राठ जटा. माझे केस.

जाऊबाईंनी ते सुपात ठेवलं, वरून खराटा टाकला आणि चालू लागल्या. मी त्यांना अडवलं नाही. मला तेव्हा खरंच वाटलं, जात असेल तर जाऊ दे.

सून केस पुसत खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली. "मम्मी, माझ्या टेबलावर..." तिचं तोंड पांढरं पडलं होतं. चोरी पकडली गेली की पोरांचं तोंड वेगळं दिसतं. हे तसं नव्हतं. पण मी इतक्यात सोडणारी नव्हते.

"आधी सांग, माझे केस तुला कायले पाहिजेत?"

ती खाली बसली. रडत, हिंदी-मराठीत, तिने सांगितलं ते असं. तिचे वडील तिला लहानपणी स्टेशनजवळच्या दुकानातून भाड्याने कॉमिक्स आणून वाचून दाखवायचे, सगळ्यांचे आवाज काढून. त्यांना हिरोपेक्षा त्यातला खलनायक आवडायचा, हा तीन बोटांचा जटावाला. त्याचं हसणं ते असं हसायचे की ही पलंगाखाली लपायची. "बाजारात हिरोच मिळतात मम्मी. आणि ती कॉमिक्स तर कबकी बंद झाली." म्हणून जत्रेतल्या एका प्लास्टिकच्या शिपायाला गरम पाण्यात घालून तिने त्याचे हातपाय वाकवले, लांबीने तोंड घडवलं, पॉलिश पेपरने घासलं. नायलॉनचे केस लावून पाहिले तर ते बाहुलीसारखे दिसत होते. "तुमचे केस एकदम बरोबर होते. मागायला डर लागला."

"कशावरून खरं?" मी म्हटलं. सवय जात नाही.

तिने मोबाइल काढला आणि वडिलांचा एक जुना आवाज लावला. वाढदिवसाला पाठवलेला. आमच्या स्वयंपाकघरात एक माणूस खलनायकासारखा हसला. खोल, खरखरीत, मधेच धाप घेऊन पुन्हा चढणारं हसू. संपता संपता तो स्वतःच खरं हसायला लागतो, ते ऐकू येत होतं.

"लकव्यानंतर एक शब्द नाही निघाला," ती म्हणाली. "मला वाटलं, याला पाहून तरी..."

"तो मारबतीत गेला, जाऊबाईंनी नेला," असं म्हणत मी चपला घातल्या. ती उठायला लागली तर मी तिला बसवलं. "तू नको जाऊ. तू गेली तर गाव तुला सोडणार नाही. मी जाते."

मारबत टाकून गाव परत येत होतं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे, मी एकटी उलट दिशेने. जाऊबाईंनी मला ओळखलं आणि ओरडल्या, "मास्तरीन, तिकडं कायले जाऊन राहिली व? बावरली का?" मी थांबले नाही. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, लोकांचा आणि स्वतःचाही. शिवेवर पळसाच्या फांद्या, फुटकी मडकी, खराटे यांचा ढीग पडला होता. जाऊबाईंचं सूप मी ओळखलं. तो जटावाला खराट्याखाली चिखलात उताणा पडला होता, जटा बांधीच्या पाण्यात. मी त्याला उचललं, पदराने पुसलं आणि तसाच हातात धरून, सगळ्यांच्या देखत गावातून घरी आणला.

आता गाव माझ्यावर संशय घेतं. मास्तरीण मारबतीतलं उचलून घरी घेऊन गेली, हे सगळ्यांनी पाहिलंय. कोणाची शेळी खोकली की आमच्या घराकडे नजर जाते. दूधवाला तर फाटकाबाहेरूनच दूध ओततो, मला त्यात बोट बुडवायलाही मिळत नाही.

मारबतीच्या त्या दुपारी सुनेच्या खोलीचं दार उघडं होतं. जटा चिखलाने चिकटून त्यांचा गोळा झाला होता, त्या तिने कापून काढल्या. मी कंगवा घेऊन तिच्यासमोर पाट मांडला. "पाहिजे तेवढे घे. गुंता नको, सरळ काप." तिने मानेजवळची एक बट उचलली आणि कापली.

रविवारी आम्ही दोघी गोंदियाला गेलो. तिचे वडील खाटेवर उशाला टेकून बसले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिने पर्स उघडली आणि तो जटावाला त्यांच्या चालत्या हातात दिला. डोळे आता रंगवलेले होते, संशयाने बारीक केलेले. त्यांनी त्याला फिरवून पाहिलं. झगा पाहिला, तीन बोटं पाहिली. मी कपाळाला आठ्या घालून, ओठ आवळून त्यांच्याकडे पाहत उभी होते.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

आणि ते हसले. अर्ध्या तोंडाने, खरखरीत, मधेच धाप घेऊन पुन्हा चढणारं हसू. सून रडत होती आणि हसतही होती. मला खिडकीतले ते फोटो आठवले. मी तिच्याकडे वळले तर तिने पटकन नजर चुकवली.