आडाचा दोर आणि माझा रविवार

मी एका रविवारी आमच्याच आडात पडलो, आणि आडाचा दोर सकाळीच कुलपात गेला होता नि किल्ली माझ्याच कोटाच्या खिशात होती.

त्या काळी मी सोलापुरात मिशनच्या शाळेत मास्तर होतो आणि स्वर्गात जाण्याची माझी तयारी जवळजवळ पूर्ण झाली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी रविवारचे नियम चिकटवले होते. विस्तव नाही, विळी नाही, ओझं उचलणं नाही, पाणी शेंदणं नाही, मोठ्यानं हसणं नाही. (हे शेवटचं शास्त्रात सापडलं नाही, पण असायला हवं होतं!) अहो, गिरणीचा भोंगासुद्धा रविवारी गप्प असे, मग आमच्या रहाटानंच का कुरकुरावं? म्हणून दर रविवारी दोर ट्रंकेत जाई.

त्या रविवारी उपासनेहून परततो तो दारात शेजारची नरसम्मा, विणकराची बायको, रिकामी घागर घेऊन उभी. उन्हाळ्यानं गल्लीतले सगळे आड आटलेले, पाणी फक्त आमच्याकडे.

"मास्तर, माझ्या सासूला, अत्तम्माला, लई ताप हाय. घरात थेंब न्हाय."

"उद्या ये बाई. आज प्रभूचा दिवस."

"ताप उद्यापर्यंत थांबतो व्हय?" आतून माझी बायको मार्थाबाई कडाडली. ती बार्शीची, तिला शास्त्रापेक्षा उत्तरं जास्त पाठ! "द्या ती किल्ली!"

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो.

तिनं जुनं लुगडं आणलं, त्याला नरसम्माची घागर बांधली आणि सरळ आडात सोडली. माझ्या डोळ्यांदेखत नियमभंग! मी घागर धरायला झेपावलो. पोट कठड्यावर, पाय आभाळात, आणि पुढच्या क्षणी कोटासकट मी छातीभर पाण्यात!

"मार्था, दोर काढ!" घागरीत किल्ली टाकून मी ओरडलो.

घागर वर गेली, किल्ली काढून घेतली गेली, आणि घागर रिकामीच पुन्हा खाली आली.

"आता गेलाच खाली, तर भरून द्या की!"

"अगं, आधी मला वर घे!"

"कलम तिसरं, ओझं उचलायचं न्हाय. तुमीच लिवलंय. आधी पानी, मग तुमी."

मी भरली. काय करणार? तोवर मास्तर आडात पडल्याची बातमी गल्लीभर झाली आणि जिच्या-तिच्या हातात भांडं! घागरी, कळश्या, कुणाचा तरी तांब्या. मी बुडवतोय, बांधतोय, वर बायका मोठ्यानं हसताहेत. (कलम पाचवं!) सात वर्षं सांभाळलेला रविवार मी तासाभरात स्वतःच्या हातानं बुडवला.

मग वरून नरसम्माचा आवाज आला. "मास्तर, अत्तम्मा पानी प्याली. डोळं उघडलं तिनं. तुमचं भलं होऊ दे."

मला फार लाज वाटली. त्या म्हातारीसाठी पाणी मागणारीला मी उद्या ये म्हणून सांगितलं होतं, आणि तेही प्रभूचं नाव घेऊन! सकाळी तासभर डोळे मिटून बसलो होतो तेव्हा देव इतका जवळ आला नव्हता, जितका आता आडाच्या तळाशी ओल्या कोटात आला.

एवढ्यात कठड्यावर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची दाढी दिसली.

"साहेब," मार्था म्हणाली, "हे म्हणतात, रविवारी काही वर ओढायचं न्हाय."

"छे! प्रभूनंच विचारलंय की, तुमचं गाढव नाहीतर बैल विहिरीत पडला, तर शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी काढणार नाही का?"

"मग ह्यांना कशात धरायचं?"

पाळकसाहेब विचारात पडले. आणि शास्त्राच्या परीक्षेत पहिलं बक्षीस मिळवलेला मी, खालून जीव तोडून ओरडलो, "गाढवात धरा, साहेब! पण दोर सोडा!"