रखमाजी गवंड्याचा फोन

विमलबाईंना नवऱ्याचा फोन आला, तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती.

भर दुपार होती. खर्ड्याजवळच्या वस्तीत त्या ओट्यावर तूर पाखडत होत्या. "विमल, जय भीम. मी रखमाजी बोलतोय," असं कानाशी आलं आणि सूप हातातून निसटलं. आवाज तोच. मध्येच घसा खाकरायची खोडही तीच. "पंचायत समितीला आप्पासाहेबांना आपलं बहुमोल मत द्यावं. त्यांनी वस्तीला पाणी आणलं आहे." फोन बंद झाला. कोंबड्यांनी तुरीवर ताव मारला, पण त्यांना हाकलायचं भान बाईंना नव्हतं.

रखमाजी कामाने गवंडी, स्वभावाने मात्र पक्के वकील. रोज संध्याकाळी विहारासमोर मोठ्याने पेपर वाचायचे आणि प्रत्येक बातमीला आडवे जायचे. "ह्ये कुनी सांगितलं? त्याला कसं कळलं? त्यात त्याचा काय फायदा?" ऐकणारे पार वैतागून जायचे. त्याच पेपरच्या मथळ्यांवर बोट ठेवत विमलबाई चाळिशीत वाचायला शिकल्या. नवरा गेल्यावर पेपर त्यांनी चालू ठेवला. निवडणूक लागली की सगळ्यांच्या सभांना जायच्या, पुढे बसायच्या आणि नवऱ्याचेच प्रश्न विचारायच्या. त्यांना बघून पुढारी घाम पुसतात, असं वस्ती कौतुकाने सांगायची.

त्या संध्याकाळी मात्र पेपर कुणालाच नको होता. फोन घरोघर आला होता.

"रखमाजीदादा माज्यासंगं बोलले गं!" शेजारच्या बनुबाई डोळे पुसत म्हणाल्या. "म्हनले, आप्पासाहेबांनी पानी आनलं."

"पानी हाय का?" विमलबाईंनी पाण्याच्या नव्या टाकीकडे बोट केलं. ती बांधून वर्ष होत आलं, नळाला थेंब आला नव्हता.

बनुबाईंनी टाकीकडे नीट पाहिलं. "दादा म्हनत्यात म्हंजी आलं आसंल."

बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या. सगळ्यांच्या कडेवर रिकामे हंडे होते. 

त्यांची भाची माधुरी नगरला शिकते. तिने फोनवर उलगडून सांगितलं: "मावशी, काकांनी भीमजयंतीला केलेली भाषणं मोबाईलवर पडलीत ना, त्यावरून मशीन आवाज तयार करतं. प्रश्नाला उत्तरसुद्धा देतं."

दुसऱ्या दिवशी विहारासमोर बाईंनी सगळ्यांना ठणकावलं. "ह्यो भाषनातला आवाज हाय. घरात ते आसं बोलत न्हवते. माजं नाव त्यांनी कंदी घेतलंच न्हाई. 'अगं ए, जेवलीस का न्हाई?' आसं म्हनायचे." म्हणताना त्यांना घरातलं काहीतरी रस्त्यावर मांडल्यासारखं झालं. बनुबाईंचा जावई आप्पासाहेबांच्या प्रचारात होता. तो मागे उभा राहून ऐकत होता.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन वाजला.

"अगं ए, जेवलीस का न्हाई?"

 कुणी चहाडी केली, कुणी मशीनला शिकवलं, सगळं बाईंना ठाऊक होतं. तरी तोंडून निघून गेलं, "व्हय, जेवले."

"काय केलं हुतं?"

"भाकरी आन ठेचा."

"लई तिखट खाऊ नगं. रात्रीची जळजळतीया तुला."

हे त्यांनी विहारासमोर सांगितलं नव्हतं. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ठेच्यावरून मशीनने अंदाज बांधला असेल, हे कळूनही वाटलं, बोलत राहा, थांबू नका.

"आप्पासाहेबांना मत दे," आवाज म्हणाला.

बाई म्हणाल्या, "त्यात तुमचा काय फायदा?"

 पलीकडून हळूच आलं, "तुजा माज्यावर इश्वास न्हाई व्हय?"

चाळीस वर्षांच्या संसारात रखमाजींनी हे कधी विचारलं नव्हतं. विश्वास ठेव म्हणणाऱ्याला ते दारात उभं करत नसत. बाईंनी फोन कापला.

आप्पासाहेबांच्या सभेत त्यांनी उभं राहून विचारलं, "टाकीत पानी कंदी येनार?" आप्पासाहेबांनी हात जोडले. "वहिनी, दादांच्या शब्दाचा तरी मान ठेवा." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत बनुबाई होत्या, याचं विमलबाईंना फार वाईट वाटलं. दुसऱ्या उमेदवारालाही त्यांनी तोच प्रश्न घातला. त्याला तारीख सांगता आली नाही, पण काम कुठे अडलंय ते त्याने सांगितलं. बाई जामखेडच्या पंचायत समितीच्या ऑफिसात गेल्या, ते खरं असल्याची खात्री करून आल्या.

मतदान करून त्या घरी परतल्या. बोटावरची शाई ताजी होती. ऊन उतरलं तरी मोबाईल मांडीवरच. आता तो आवाज कशाला बोलेल, मत तर देऊन झालं! स्वतःचाच राग आला. तरी ज्यावरून फोन आला होता, तो नंबर त्यांनी लावला.

"आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही," एक बाई म्हणाली.

विमलबाईंनी पदराने डोळे टिपले. "म्या तुमचं ऐकलं न्हाई, बरं का," त्या म्हणाल्या. "माज्या मनानं दिलं."

ती बाई पुन्हा तेच म्हणाली. विमलबाईंनी फोन ठेवला नाही.